'व्हतं' चुकीचं कुणी ठरवलं? सातारा-सांगलीतले परदेशी मास्तर

एसटीत बसला असाल तर आवाज जरा वाढवा, खिडकीच्या काचा खडखडत असणार. आजचा विषय आपल्याच दोन जिल्ह्यांतला आहे, पण सुरुवात जपानपासून करतो.

झालं असं की गेले काही महिने माझ्या मोबाइलवर सारखे एकाच प्रकारचे व्हिडिओ येतायत. जपानमधल्या शाळेत इंग्रजी शिकवणारा परदेशी शिक्षक आणि त्याचा दिवस. सकाळी शाळेच्या दारात बाहेरचे बूट काढायचे, आतले घालायचे. दुपारी वर्गातच पोरांबरोबर बसून जेवायचं. मग पोरं फडकी घेऊन वर्ग पुसतात, तर हाही त्यांच्याबरोबर पुसतो. जपान सरकारनं १९८७ साली एक योजना सुरू केली, तिच्यातून जगभरातली तरुण मंडळी तिथल्या शाळांत सहायक शिक्षक म्हणून जातात. गंमत म्हणजे त्यांना जपानी आलंच पाहिजे अशी अट नाही. त्यांचं काम काय, तर आपली भाषा बोलणं. वर्गात जपानी शिक्षक असतोच, तो सांभाळून घेतो.

आपला एक माणूस तर याच्याही पुढं गेलाय. योगेंद्र पुराणिक हे महाराष्ट्रातून जपानला गेले, तिथले नागरिक झाले, २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डातून निवडून आले आणि नंतर इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. मराठी घरातला माणूस जपानी शाळेचा हेडमास्तर! पण ते जपानी शिकून, तिथलेच होऊन त्या खुर्चीवर बसले. सहायक शिक्षकाची गोष्ट वेगळी आणि ही वेगळी.

तेव्हा मला वाटलं, आपल्याकडे बाहेरून आलेले मास्तर कसे राहिले? सातारा आणि सांगलीत असे बरेच येऊन गेले. (हे दोन जिल्हे मी एकत्र धरतोय, कारण १९४९ मध्ये सांगली जिल्हा झाला तेव्हा त्याचं नावच दक्षिण सातारा होतं. 'सांगली' हे नाव १९६० मधलं.) या लोकांना जपानमधल्यासारखं नुसती आपली भाषा बोलून चालण्यासारखं नव्हतं. त्यांना मराठी शिकावी लागली. आता मराठी शिकायची म्हणजे कुणाची मराठी? आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे.

पहिला माणूस मेजर थॉमस कँडी. जन्म १८०४, इंग्लंडचा. लष्करात आला आणि मराठीत अडकला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तुम्ही ऐकला असेल, आता तो फोनवरही बघता येतो. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, आणि त्या कामात कँडी होता. पुढं १८४७ मध्ये त्यानं स्वतःचा इंग्रजी-मराठी कोश काढला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा कारभार पाहिला. सरकारचा मराठी भाषांतरकार झाला. आणि शाळेच्या मराठी पुस्तकांवर त्याचा हात फिरायला लागला.

हे नीट समजून घ्या. त्याआधी आपल्या गावागावांत पंतोजींच्या शाळा होत्या. धुळपाटी, उजळणी, पाढे, मोडी अक्षर. छापील क्रमिक पुस्तक नावाची चीजच नव्हती. जो तो आपल्या बोलीत बोलायचा, आणि लिहायचं ते हिशेब आणि पत्रं. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखातं आलं, सरकारी शाळा वाढल्या आणि प्रश्न आला, की पुस्तकात मराठी लिहायची ती कशी? रत्नागिरीच्या माणसाची, खानदेशातल्या माणसाची, की माणदेशातल्या मेंढपाळाची? कोशकारांनी ज्यांना हाताशी धरलं होतं ते शास्त्री होते, पुण्याच्या बाजूचे शिकलेले ब्राह्मण. त्यांची मराठी ती पुस्तकाची मराठी झाली. आणि या शास्त्र्यांनी लिहिलेलं मराठी तपासायला बसला होता हा इंग्रज मेजर. म्हणजे बघा, मराठी पंडिताच्या मराठीवर साहेबाची दुरुस्ती!

कँडीला शिव्या घालायला मी बसलेलो नाही. तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठीत जो स्वल्पविराम देता, प्रश्नचिन्ह टाकता, त्यात त्याचा मोठा वाटा आहे. मोडीत सलग लिहायचे, वाक्य कुठं संपलं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. कँडीनं १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं पुस्तक काढून ती इंग्रजी चिन्हं मराठीला लावून दिली. काम मोठंच आहे. पण जिथं एक मराठी 'शुद्ध' ठरते, तिथं बाकीच्या सगळ्या आपोआप 'अशुद्ध' होतात. पुस्तकात 'होते' छापलं की घरातलं 'व्हतं' चुकीचं झालं. कुणी ठराव करून ते चुकीचं केलं नाही. नुसतं छापलं नाही, एवढंच.

हा कँडी १८७७ मध्ये वारला, तो आपल्या महाबळेश्वरात. साताऱ्याशी त्याचं नातं असं शेवटाला येऊन लागतं.

आता त्याच काळातली एक बाई. सिंथिया फरार, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरची. १८२७ च्या अखेरीला ती मुंबईत उतरली. लग्न न झालेली बाई एकटी एवढ्या लांब पाठवणं हे तेव्हा अमेरिकेतही नवीन होतं. आधी मुंबईत, मग नगरला तिनं मुलींच्या शाळा सांभाळल्या आणि १८६२ मध्ये तिथंच वारली. नगर काही साताऱ्यात नाही, मग तिचं नाव का घेतोय? कारण जोतीराव फुल्यांनी स्वतः सांगून ठेवलंय, की नगरला फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि तसं काही आपण करावं असं मनात आलं. आणि सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले असं त्यांचे चरित्रकार लिहितात. सावित्रीबाई कुठल्या? खंडाळा तालुक्यातलं नायगाव, जिल्हा सातारा. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्यातच, खटाव तालुक्यात. परदेशी बाई दुसऱ्या जिल्ह्यात शिकवत होती, पण आपल्या मातीतल्या पोरीपर्यंत ते पोहोचलं, आणि मग त्या पोरीनं पुढं काय केलं ते मी सांगायला नको.

पाचगणीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर रील्स भरपूर आहेत. जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं तिथं वस्ती बसवली, सिल्व्हर ओकची झाडं लावली. हवा थंड, म्हणून साहेबांच्या पोरांसाठी बोर्डिंग शाळा निघाल्या. १९५५ मध्ये झांझिबारहून एक आठ वर्षांचा पारशी मुलगा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आला, फारोख बलसारा. पुढं जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखायला लागलं. या शाळांत घंटा, प्रार्थना, पियानो, केंब्रिजची परीक्षा, सगळा दिवस इंग्रजीत. मराठी होती ती फाटकाबाहेर, भाजीवाल्याकडे आणि स्वयंपाकघरात. असा मास्तर तिथं वीस वर्षं राहिला तरी वाईच्या बाजारात त्याचं अडलं असतं. जपानमधल्या त्या सहायक शिक्षकाच्या सगळ्यात जवळची गोष्ट मला हीच वाटते. फरक इतकाच, की तो निदान पोरांबरोबर फरशी तरी पुसतो.

मिरजेत मात्र असं फाटक बंद करून भागणारं नव्हतं. विल्यम वॉनलेस, जन्मानं कॅनडाचे डॉक्टर. १८८९ मध्ये भारतात आले, आधी सांगलीत दवाखाना थाटला, मग मिरजेला गेले. १८९४ मध्ये तिथं इस्पितळ उभं राहिलं आणि १८९७ मध्ये त्यांनी वैद्यकीय शाळा काढली. मिशनतर्फे काढलेली ती देशातली पहिली वैद्यकीय शाळा असं सांगतात. आज सांगली-मिरज रस्त्यावर वॉनलेसवाडी आहे, ती त्यांच्याच नावाची. आता विचार करा, डॉक्टरसमोर जतचा म्हातारा बसलाय. तो सांगतोय, पोटात कळ येतीया. दुसरा म्हणतो मुरडा पडलाय, तिसऱ्याचा गुडघा ठणकतोय, चौथ्याच्या पाठीत उसण भरलीय. कळ, मुरडा, ठणका, उसण. पुस्तकात याला एकच शब्द, वेदना. 'वेदना' शिकून आलेल्या डॉक्टरला इथं रोगच कळणार नाही. मिरजेत पेशंटचं बोलणं दुरुस्त करून भागत नव्हतं, ते ऐकावंच लागत होतं. शाळेत तसं नव्हतं. शाळेत ऐकायचं काम पोराचं.

मी खटाव तालुक्यातला. गावातली शाळा संपवून तालुक्याच्या गावी आठवीला गेलो, तेव्हा निबंध वाचायला उभं केलं. मी वाचलं, 'म्या आजीला म्हणलं'. वर्ग हसला ते ठीक, पोरं हसणारच. पण सरांनी ते 'म्या' पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं, नाकातून, हेल काढून. पुढची दोन वर्षं मी वर्गात स्वतःहून तोंड उघडलं नाही. शाळेचं नाव घेत नाही, कारण असे सर एका शाळेत नव्हते. हे ऐकणाऱ्या निम्म्या लोकांना आत्ता आपापले सर आठवले असतील.

आता फलटण. इथं जरा रेंगाळतो.

फलटण म्हणजे नाईक निंबाळकरांचं जुनं संस्थान, सईबाईंचं माहेर, महानुभावांची मंदिरं आणि आजूबाजूला ऊस. साठच्या दशकात मॅक्सीन बर्नसन नावाची अमेरिकन तरुणी तिथं आली. त्याआधी ती हैदराबादला, मराठी लोकांनी काढलेल्या विवेकवर्धिनी संस्थेच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होती. म्हणजे सुरुवात अगदी त्या जपानी व्हिडिओसारखी, की परदेशी शिक्षक आणि आपली भाषा शिकवणं. पण फलटणला ती शिकवायला आली नव्हती, ऐकायला आली होती. तिला भाषाशास्त्रात डॉक्टरेट करायची होती आणि विषय होता फलटणची बोली. एकाच गावात वेगवेगळी माणसं मराठी वेगवेगळी कशी बोलतात, हा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९७३ मध्ये हा प्रबंध झाला.

मला यातली गोष्ट फार मोठी वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसानं ठरवलं की कुठली मराठी छापायची. आणि आता दुसरी परदेशी बाई गावात बसून 'पाणी' कोण म्हणतं आणि 'पानी' कोण म्हणतं, 'होतं' कोण म्हणतं आणि 'व्हतं' कोण, हे वहीत उतरवून घेत होती. चूक काढायला नाही, नियम शोधायला. भाषाशास्त्रात हेच करतात. बोलीला नियम असतो असं ते धरूनच चालतात.

आणि नियम असतो, बरं का! माझंच 'म्या' घ्या. पुस्तकात काय आहे? 'मी जातो' आणि 'मी केलं'. दोन्हीकडे 'मी'. पण 'त्याने केलं', 'रामाने केलं' इथं मात्र 'ने' लागतो. मग 'मी'ला वेगळं रूप का नाही? गावाकडं आहे की! 'मी जातो', पण 'म्या केलं'. करणाऱ्याला वेगळं रूप. हे 'म्यां' जुन्या मराठीत आहे, संतांच्या लिखाणात सापडतं. ते पुस्तकी मराठीतून गळून गेलं, आमच्या आजीनं सांभाळलं. ज्या शब्दावर आम्हाला हसले, तो शब्द व्याकरणाला जास्त धरून आहे. हे मला कॉलेज संपल्यावर कळलं, आठवीत कळलं असतं तर बरं झालं असतं.

बर्नसनबाई परत गेल्या नाहीत. फलटणलाच राहिल्या आणि १९७८ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. लेखिका जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी मराठी शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठी पुस्तकं लिहिली. व्याकरण, छोटा कोश, वाचनाचं पुस्तक, ही १९७५ ची. (जाई निंबकर म्हणजे इरावती कर्व्यांच्या कन्या.) आजही अमेरिकेत कुणी मराठी शिकायला बसलं की ही नावं येतात.

आणि मग त्या पोरांकडे वळल्या. दलित वस्तीतली, शाळेत नाव घातलेली पण वाचता न येणारी पोरं. बाईंनी त्यांचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. इथं त्यांचा अभ्यास कामाला आला असणार, कारण पोर का अडतंय हे ओळखायला ते पोर घरी काय बोलतं ते माहीत पाहिजे. शाळेत आलेल्या अशा मुलाला आपण एकदम दोन गोष्टी शिकायला लावतो. एक अक्षर, आणि एक नवी भाषा. त्याच्या घरी 'येळ' आहे, फळ्यावर 'वेळ' आहे. तो 'व' ओळखतो, तरी वाचतो 'येळ', आणि आपण म्हणतो याला वाचता येत नाही.

त्यात आपली बाराखडी. तीसेक व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे चारशेच्या आसपास खुणा. त्या सगळ्या घोकून होईपर्यंत पोराला एक अर्थाचा शब्द वाचायला मिळत नाही. बाईंनी शोधलेली वाट साधी होती. थोडीच अक्षरं घ्यायची, एखादी काना-मात्रा लगेच त्यांना जोडायची, की पहिल्या काही दिवसांतच पोर खरा शब्द वाचतं. आणि पोर जे तोंडानं सांगतं ते लिहून घ्यायचं, त्याच्याच शब्दांत. मग ते त्यालाच वाचायला द्यायचं. स्वतःच बोललेलं कागदावर दिसलं की त्या पोराला पहिल्यांदा कळतं, लिहिणं म्हणजे बोलणंच आहे. प्रमाण मराठी शिकवायचीच नाही असं यात कुठं नाही. ती शिकवायची, पण घरच्या भाषेला पायरी करून, तिला गाडून नाही.

१९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था निघाली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा. या नावाचीही गोष्ट आहे. कमला निंबकर मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकन. विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आल्या आणि १९५० मध्ये मुंबईत त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. म्हणजे एका अमेरिकन बाईच्या नावाची शाळा दुसऱ्या अमेरिकन बाईनं काढली, तीही फलटणला. आणि माध्यम? मराठी.

इथं मला थांबून एक बोलायचंय. आपल्या गावात एखादी अमेरिकन बाई शाळा काढतेय असं कळलं तर आपण पहिला प्रश्न काय विचारू? इंग्लिश मीडियम आहे ना? सकाळी सातला कराड, विटा, इस्लामपूर, कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, पिवळ्या गाड्या पोरं गोळा करत फिरतायत. आईबापाचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. ज्या बापाला 'व्हतं'वरनं हसले, तो आपल्या पोराला मराठीच्या भानगडीतच पाडणार नाही. तो म्हणेल, शुद्ध मराठी काय आपल्याला येत नाही, त्यापेक्षा इंग्रजीच शिक, तिथं सगळेच नवखे. मराठी शाळांचे पट का घसरले याची चर्चा होते तेव्हा इमारती येतात, शिक्षकांची पदं येतात. हे हसणं कधी येत नाही. माझ्या मते ते पहिलं यायला पाहिजे.

कुणी म्हणेल, साताऱ्यात शिक्षण म्हटल्यावर कर्मवीर अण्णांचं नाव एवढ्या उशिरा? रास्त आहे. १९१९ मध्ये कराडजवळ काल्याला रयत सुरू झाली, आणि सगळ्या जातींची पोरं बोर्डिंगात एका पंगतीला बसली. 'व्हतं' म्हणणारी पोरं शाळेत आली ती अण्णांमुळं, कुणा परदेशी मास्तरामुळं नव्हे. पण त्यांच्यावर एक पूर्ण भाग करायचाय, म्हणून इथं एवढंच. शाळेत आल्यावर त्या पोरांच्या वहीवर कुठल्या शाईनं काय लिहिलं गेलं, ही आजची गोष्ट आहे. आणि ती लाल शाई साहेबाची नव्हती. साहेब १९४७ ला गेला. पेन आपल्याच मास्तरांच्या हातात राहिलं.

महाबळेश्वरहून वाई, लोणंद करत फलटणला गेलात तर शंभरेक किलोमीटर रस्ता आहे. घाट उतरला की हवा बदलते, मग झाडी बदलते आणि लोणंदच्या बाजाराला पोहोचेपर्यंत बोलीही बदललेली असते. पुढच्या वेळी गाडीत गाणी लावू नका, स्टँडवर चहाला उतरा आणि लोक 'होतं' कसं म्हणतात तेवढं ऐका. मी मागच्या महिन्यात हे केलं. एका टपरीवर मला 'होतं', 'व्हतं' आणि 'हुतं' असे तिन्ही प्रकार मिळाले, तेही पाच मिनिटांत.

तुमच्या वहीत ज्या शब्दाखाली लाल रेघ यायची, तो शब्द व्हॉइस नोट करून पाठवा. गाव सांगा, सरांचं नाव सांगू नका. पुढच्या भागाच्या सुरुवातीला तेच लावतो, जसे आलेत तसे.